आयईएल्ट्स: कॉम्प्युटर की कागद?

आजची दुपार विश्रामबागेत मावसबहिणीसोबत याच प्रश्नावर गेली. ती नर्स आहे, इंग्लंडला जायचंय, त्यासाठी आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय; ती कॉम्प्युटरवर द्यावी की कागदावर? प्रश्न दोन्हीकडे त्याच धर्तीचे, स्पीकिंगही परीक्षकाशी बोलूनच. फरक पडतो तो हाताचा. कागदावर लिसनिंगची, म्हणजे ऐकून सोडवायच्या भागाची, उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. उलट निबंधाचे २५० शब्द भरले का, हे स्क्रीनच सांगते. मधलं वाक्य उचलून वरही नेता येतं. कागदावर नुसती खाडाखोड.

तिला टाईप करायला बसवलं. एका बोटाने अक्षरं शोधत होती, नजर कीबोर्डवरून हलेना. पेन्सिल हातात दिली, तर पानभर सलग, सुवाच्य! वॉर्डात रोज पेशंटचे चार्ट हातानंच भरते ना. म्हटलं, कागदाचा पर्याय मिळत असेल तर तू तोच घे. एवढी फी भरून टायपिंगशी झुंज कशाला?