तुम्ही विचारलंत म्हणून: यात आता डीप पर्पल उरलंय कुठे?

“ब्लॅकमोर नाही, जॉन लॉर्ड नाही, मग याला डीप पर्पल का म्हणायचं?” डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा नवा दौरा जाहीर झाला, की जुना गिटारवादक ब्लॅकमोर आणि कीबोर्डवादक लॉर्ड यांच्यावरून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणाऱ्यांना मार्क वन, मार्क टू (बँडच्या एकेका काळातल्या संचाची नावं) सगळं पाठ असतं, म्हणून ती उजळणी करत नाही. पण “तुला काय, नाव असलं की पुरे” हे ऐकून ऐकून वीट आलाय.

नुसत्या नावावर भागत नाही. १९८० साली काय झालं ते बघा. बँड १९७६मध्येच मोडला होता. पहिला गायक रॉड इव्हान्स चार अनोळखी वादक घेऊन ‘डीप पर्पल’ म्हणून मेक्सिको, अमेरिका, कॅनडात कार्यक्रम करू लागला. त्या चौघांचा पर्पलशी काडीचा संबंध नव्हता. मेक्सिकोतल्या कार्यक्रमाची थोडी चित्रफीत आजही बघायला मिळते. त्यात इव्हान्स ‘स्मोक ऑन द वॉटर’ गातोय. माँत्रोचा कसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला आणि त्यातून हे गाणं आलं, ते डिसेंबर १९७१मध्ये. इव्हान्सला तर १९६९मध्येच काढलं होतं! लाँग बीचच्या कार्यक्रमाआधी खऱ्या बँडच्या व्यवस्थापनाला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली, की ब्लॅकमोर, इव्हान्सनंतरचा गायक गिलन, लॉर्ड वगैरे मंडळी इथे वाजवणार नाहीत. प्रकरण लॉस एंजलिसच्या कोर्टात गेलं. इव्हान्सच्या डोक्यावर जबर भरपाई बसली, जुन्या अल्बमांची रॉयल्टीही गेली. त्यानंतर तो संगीतातून जवळजवळ नाहीसाच झाला. मला ती चित्रफीत शेवटपर्यंत बघवत नाही. राग येतो, आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. पहिल्या तिन्ही अल्बमांवरचा आवाज त्याचाच आहे, ‘हश’ हे गाणं त्यानेच गायलंय.

म्हणजे मूळ माणूस होता, तरी ते पर्पल नव्हतं. मग तुमचा ‘मूळ माणसं किती उरली’ हा हिशेब कशाला लावायचा? २०१६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडचा सन्मान करताना इव्हान्सला घेतलं आणि ब्लॅकमोरनंतरचा गिटारवादक स्टीव्ह मोर्सला वगळलं. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वं मिळून १७ वर्षं भरत नाहीत. मोर्सने १९९४ ते २०२२, २८ वर्षं तिथे गिटार वाजवली. हे मला अजून पचलेलं नाही.

माझ्या लेखी खरी गोष्ट सलगपणाची. नवा माणूस जुन्यांच्या शेजारी उभा राहून वाजवतो, त्यांच्याबरोबर नवी गाणी करतो. मोर्स आला तेव्हा लॉर्ड होता. लॉर्ड २००२मध्ये निवृत्त झाला आणि कीबोर्डवर डॉन एअरी आला, तेव्हा मोर्स होता. मोर्स पत्नीच्या आजारपणामुळे बाहेर पडला, गिटारवर सायमन मॅकब्राइड आला, तेव्हा गिलन, बासवर ग्लोव्हर, ड्रमवर पेस आणि एअरी होतेच. मधल्या खंडाचं काय, असं विचाराल. १९८४मध्ये परत आले ते मार्क टूचेच पाचजण (ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस), उपरे नव्हेत.

१९९३मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून गेला तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, संपलं. एप्रिल १९९५मध्ये पर्पल मुंबईत आले, तेव्हा गर्दीत मी फक्त मोर्सच्या बोटांकडे बघत होतो, चूक सापडावी म्हणून. लॉर्ड हॅमंड ऑर्गनवर एक तुकडा टाकायचा, मोर्स तो उचलून फिरवून परत द्यायचा, आणि लॉर्ड हसायचा. ते हसू बघून माझं भांडण ढिलं पडलं. पण ‘संपलं’ म्हणणारा तो पोरगा पूर्ण खोटा होता, असं आजही म्हणवत नाही. मार्शल अँपमधून गुरगुरणारं लॉर्डचं हॅमंड मला एअरीच्या हातून तसं ऐकू येत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणं तर बँडने मंचावर वाजवणंच सोडलं. ते मला लागतं.

१९६८पासून प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला माणूस एकच, डावखुरा इयान पेस. तो थांबला आणि बाकीच्यांनी नाव चालू ठेवलं, तर माझा सलगपणाचा मुद्दा तेव्हाही खरा ठरतो. तिकीट मात्र काढेन की नाही, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.