विशेषणाचा भूतकाळ

जपानी शिकायला लागले तेव्हा धसका होता तो लिपीचा. हिरागाना, काताकाना कशाबशा पाठ झाल्या, कांजी अजून उरावर आहे. व्याकरणाच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होते. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी, विभक्तीचं काम शब्दामागे येणाऱ्या अक्षरांकडे. तो रुमाल, ती चादर, ते पांघरूण असली भानगडच नाही. अनियमित क्रियापदं मोजून दोन: सुरु म्हणजे करणे, कुरु म्हणजे येणे. आपल्याकडेही ही दोन वाकडीच चालतात की! कर-केलं, ये-आलं.

घोडं अडलं ते विशेषणांपाशी. ओइशिइ म्हणजे चवदार. 'भाजी चवदार होती' म्हणायचं होतं, म्हणून मी 'देस' म्हणजे 'आहे', त्याचा भूतकाळ 'देश्ता' लावून 'ओइशिइ देश्ता' असं ठोकून दिलं. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, नकारार्थी मान हलवली. ओइशिकात्ता देस! भूतकाळ 'होती'ला नाही, चवीलाच लावायचा. चवदार नाही: ओइशिकुनाइ. काल चवदार नव्हती: ओइशिकुनाकात्ता. हे शेवटचं एका दमात म्हणेपर्यंत भाजी निवते.

आपलं विशेषण चांगला, चांगली, चांगलं असं लिंगापुढे लगेच वाकतं, पण काळापुढे ढिम्म. त्यांचं नेमकं उलट. त्यातही विशेषणांची घरं दोन: ओइशिइसारखी 'इ'ने संपणारी पहिल्या घरातली, बाकीची दुसऱ्या. 'किरेइ' म्हणजे सुंदर, हे लबाड. 'इ'ने संपतं म्हणून पहिल्या घरातलं वाटतं, नांदतं दुसऱ्याच घरात, त्याला 'कात्ता' चालत नाही. आणि 'इइ' म्हणजे चांगलं, त्याचा भूतकाळ 'योकात्ता'. हरवलेली किल्ली सापडली की जपानी माणूस 'योकात्ता' म्हणतो. आपलं 'हुश्श, बरं झालं बाई!'

क्रियापदांनी मात्र माहेरचं सुख दिलं. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. ताबेते मिरु: खाऊन बघणे! काइते ओकु: लिहून ठेवणे. ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे. माझ्या इंग्रजी पुस्तकात एकेका रूपासाठी अर्धं पान खर्ची पडलंय, मी समासात मराठीचे दोन शब्द लिहून मोकळी झाले. फ्रीजमधली खरवसाची शेवटची वडी नवऱ्याने ताबेते शिमात्ता. यात हळहळसुद्धा आली, वेगळी सांगावी लागत नाही.

एवढ्यावर मी शेफारले. पुढचा धडा होता 'सो'चा. पदार्थ न चाखता 'चवदार दिसतोय' म्हणायचं तर ओइशिसो. सोपंच की. त्याच संध्याकाळी सेन्सेईंनी नव्या नातीचा फोटो दाखवला. गोंडस म्हणजे कावाइइ. मी उत्साहाने म्हटलं, "कावाइसो!"

सेन्सेईंच्या भुवया वर. हा शब्द त्या नियमात बसत नाही म्हणे. कावाइसो म्हणजे 'बिचारी'. टोपडं घालून जांभई देणाऱ्या त्या पोरीकडे बघून मी 'अरेरे' म्हणाले होते. सावरून घ्यायला गेले, तर घाईत तोंडात आलं ते आठवडाभर घोकलेलं रूप.

"कावाइकात्ता!"

गोंडस होती.