सालई की मोवई: अकरावी जोडी एकदाची सुटली

झाडं ओळखायच्या माझ्या पुस्तकात सारख्या दिसणाऱ्या झाडांच्या जोड्या आहेत, आणि त्या सोडवायला 'की', म्हणजे एकेक प्रश्न विचारत झाडाच्या नावापर्यंत नेणारी यादी. पानांवरून ओळखायची की फेब्रुवारीतच हातावेगळी झाली होती, हे मागच्या अहवालात आलंच आहे. घोडं अडलं होतं उन्हाळी कीवर. आपलं जंगल पानझडीचं. एप्रिलमध्ये नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलात उभं राहून 'पर्णिकेची (संयुक्त पानातल्या एकेका छोट्या पानाची) कड दातेरी का साधी?' असं विचारायचं, तर झाडावर पर्णिका तरी पाहिजे ना!

सालई आणि मोवई या दोन झाडांचं दुखणं नेमकं हेच. दोघींची पानं संयुक्त, फांद्यांच्या टोकाशी गर्दी करणारी. पानं असताना काहीच भानगड नाही: सालईची पर्णिका दातेरी, मोवईची साधी. पानं गळली की उरतात करड्या, जाडसर फांद्या. जुन्या सालईची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते हे खरं, पण खवले मोवईचेही निघतात, आणि नवख्या माणसाला पापुद्रा कुठला नि खवला कुठला हे कोण समजावणार?

म्हणून या जोडीच्या प्रश्नात फळ घातलं होतं. मे महिन्यात मोवईच्या बोडक्या फांद्यांवर लालसर, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस लोंबतात. सालईचं फळ तिधारी, वाळलं की तीन फाकांत फुटतं. कागदावर झकास! जंगलात मात्र कित्येक मोवई फळाविनाच उभ्या, कारण नर आणि मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर झाडापाशी थांबलेला माणूस 'फळ नाही' म्हणून भलत्याच फाट्याला लागतो. सालईच्या डिंकाला धुपाचा वास असतो, पण त्यासाठी हातात चाकू देणारं पुस्तक मला काढायचं नाही. आपणहून गळलेला डिंक दिसला तर हुंगा, एवढीच टीप ठेवली आहे.

उत्तर निघालं खाली पडलेल्या कोवळ्या काडीत. टोकाचा अंकुर दहापट भिंगाखाली धरा. मोवई असेल तर गंजाच्या रंगाची तारकाकृती लव दिसते, एकेका ठिपक्यातून चहूकडे फुटलेले केस. सालईवर अशा चांदण्या नाहीत. बाकी काडीवरची लव झिजून जाते, अंकुराच्या बेचक्यात टिकते, तिथेच बघायचं. मोबाइलला चिमट्यानं लावायची भिंगं मात्र घेऊ नका, कडेला सगळं फिसकटतं. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते भिंगही त्याहून बरं.

सालींच्या फोटोंची पानं रद्द. छापखान्यातून आलेल्या नमुन्यात ऐन, तेंदू, धावडा सगळेच शेवाळी हिरवे! धावड्याची गुळगुळीत फिकी साल हिरवी छापायची म्हणजे कमालच. आता रेखाचित्रंच.

आणि हे लिहिताना सुचतंय: उन्हाळी की 'झाडाखाली काय पडलंय?' इथूनच सुरू केली तर? ऐन आणि अर्जुन, दोघांचीही फळं पाच पंखांची. पण अर्जुनाच्या पंखावरच्या शिरा वर वळतात, ऐनाच्या सरळ कडेला जाऊन भिडतात. उजेडाकडे धरलं की भिंगही लागत नाही. परवा एका शाळकरी पोरानं पाचही फळं बरोबर लावली. त्या दिवशी मी स्वतःला डबल सावजी माफ केलं. वाऱ्यानं शेजारच्या झाडाचं उडून येतं, ही अडचण आहेच. तेव्हा दर जोडीला जमिनीवरचा एक आणि खोडावरचा एक असे दोन पुरावे मागायचे. म्हणजे पहिल्या दहा जोड्या पुन्हा मांडणं आलं.

रामटेक-पेंचकडे जाणाऱ्यांनी सालईच्या फुटलेल्या फळाचा फोटो मोजपट्टी ठेवून काढून पाठवावा. तेवढं एक चित्र अडलंय.