डोहाकाठी, भाग तिसरा : वाळलेला काळोख

मागील नोंदीत पाण्याचा गडद थर मनासारखा जमल्याचे कळवले होते. तो वाळल्यावर राखाडी, मातकट पडला असून रशियन चित्रकार इसाक लेवितानच्या ‘डोहाकाठी’ (1892) या चित्राच्या माझ्या प्रतिकृतीतला डोह सध्या डबक्याइतका उथळ दिसतो आहे. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतील मूळ चित्र 150 बाय 209 सेंटिमीटरचे आहे. ए-थ्री बोर्ड लांबी-रुंदीत त्याचा जवळजवळ नेमका एक पंचमांश भरतो, त्यामुळे चौकटी आखणे सोपे गेले, एवढेच सुख.

दोष बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा आणि बोर्डावरच्या अस्तराचा आहे. दुकानदार ‘प्रोफेशनल’ म्हणून गळ्यात मारतात त्या तयार बोर्डांचा जेसो, म्हणजे हेच अस्तर, रंगातले तेल शोषून घेतो, आणि अंबर मुळातच निस्तेज वाळणारा रंग असल्यामुळे पाणी, पलीकडची झाडी आणि डोहावरून टाकलेल्या ओंडक्यांखालची सावली या ओलेपणी वेगळ्या दिसणाऱ्या तिन्ही छटा वाळल्यावर एकाच पातळीला आल्या. वरून काळा चढवणे हा उपाय नव्हे. ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक इथे कॅनव्हासला भोक पडल्यासारखा दिसतो. अखेर जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून कापडाने अगदी पातळ चोळले, उरलेले पुसून घेतले, आणि ओंडक्याच्या कडेखालची बोटभर जागा पुन्हा खोल गेली.

त्या बोटभर जागेने माझे चित्राचे वाचनच बदलले. त्व्हेर प्रांतातील बेर्नोवो येथे, जुन्या पाणचक्कीच्या बंधाऱ्यापाशी लेवितानने अभ्यासचित्रे केली. चक्कीवाल्याच्या मुलीने त्या डोहात जीव दिल्याची कथा त्याला तिथेच ऐकवण्यात आली, आणि पुश्किनच्या ‘रुसाल्का’ (जलपरी) या नाटकामागे तीच कथा असल्याचे सांगतात. डोह म्हटला की आसरा आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ती लगेच पटते. चित्रात मात्र माणूसच नाही. ओंडके आपल्या पायांपाशी सुरू होऊन पलीकडे जातात, तिथून पायवाट झाडीत शिरते, आणि बघणाऱ्याला ते ओलांडावेसे वाटते, यातच चित्राची सारी धास्ती आहे. खालची सावली पाण्यात मिसळली, तर ओंडके नुसते तरंगू लागतात आणि पाऊल टाकण्यातली जोखीम संपते.

त्यामुळे आकाश आधी पुरे करण्याचा बेत रद्द केला आहे. किंबहुना, लिहिता लिहिता असे वाटते की फक्त खालचा अर्धा भाग वेगळ्या एमडीएफवर मोठा करून रंगवावा. अस्तर घरीच द्यावे, त्यावर अ‍ॅक्रिलिक मीडियमचा एक हात मारावा आणि गडद छटांसाठी अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळावा. एमडीएफ कापून आणायला दिला आहे. लेवितानच्याच ‘व्लादिमिर्का’ या चित्राची प्रतिकृती तूर्त लांबणीवर.