कुणाकडं काय अडकलंय

टू-डू ॲप, म्हणजे कामांची यादी ठेवायचं ॲप, निवडणं हा एक स्वतंत्र छंद आहे आणि तो कामाच्या नावाखाली करता येतो ही त्यातली खरी गंमत. म्हणजे कॅरम खेळत बसलं तर घरचे बोलतात, मोबाईलवर रील बघत बसलं तर आपलं आपल्यालाच कसंतरी होतं, पण "जरा सिस्टीम लावतोय" म्हटलं की कुणी काय बोलत नाही. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, टोडोइस्ट भारी का टिकटिक भारी असा लांबलचक व्हिडिओ लावायचा, त्यातला पोरगा पांढऱ्याशुभ्र टेबलासमोर बसून आयुष्य कसं बदललं ते सांगतोय, आणि त्याच्या लिस्टमधली कामं बघावीत तर 'दहा पानं वाचणे', 'पाणी पिणे', 'आईला फोन'. अरे पाणी प्यायला ॲप लागतंय तुला?

पण बघतो मी. सगळे बघतो. टोडोइस्ट, टिकटिक, मायक्रोसॉफ्ट टू डू, गूगल टास्क्स, ट्रेलो, नोशन, सगळी ॲपं फोनवर येऊन गेलीत. थिंग्ज नावाचं एक आहे, दिसायला काटा किर्रर्र, पण ते फक्त ॲपलवाल्यांसाठी, त्यामुळं तिथं आमचा प्रश्नच मिटला. प्रश्न मिटणं हे पण एक सुखच आहे म्हणा.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. कुणाचं कास्टिंग फाउंड्रीतनं येतं, कुणासाठी बार आम्हीच आणतो, टर्निंग-ड्रिलिंग होतं, काही जॉब प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला, जातात, तिथनं परत येतात, चलन होतं, टेम्पो भरतो, मग पार्टी पैसे देते, म्हणजे कधीतरी देते. शॉपला सुट्टी सोमवारची, आणि ही ॲपं बघाल तर सगळ्यांचा शनिवार-रविवार वीकेंड. टोडोइस्टच्या सेटिंगमध्ये आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा ते बदलता येतं म्हणून त्याला मी एक मार्क जास्त दिला होता.

टोडोइस्टमधली अजून एक गोष्ट मला मनापासून आवडली आणि ती त्या व्हिडिओवाल्यांपैकी फार कमी लोक नीट सांगतात. पुन्हा पुन्हा येणारं काम टाकताना 'एव्हरी' लिहिलं तर पुढची तारीख मूळ वेळापत्रकानं पडते, आणि 'एव्हरी'च्या पुढं उद्गारचिन्ह टाकलं की काम ज्या दिवशी पूर्ण केलं तिथनं मोजून पडते. एवढंच. पण ज्यानं हे काढलं त्यानं कधीतरी मशीन सांभाळलं असणार असं मला उगाच वाटतं. कारण बघा, दर महिन्याला जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरणाऱ्याची तारीख २० म्हणजे २०, मागच्या महिन्यात तुम्ही कधी भरला याच्याशी सरकारला काय देणंघेणं नाही. पण लेथच्या गिअरबॉक्सचं तेल तसं नसतं, ते मागच्या वेळी खरोखर कधी बदललं तिथनंच मोजायचं, कॅलेंडर काय म्हणतंय याला अर्थ नाही. कामाच्या ह्या दोन जाती वेगळ्या आहेत हे ज्या ॲपला कळत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

तिसरी जात मात्र ह्यांच्यापैकी कुणालाच कळत नाही, ती म्हणजे तिथी. आजोबांचं श्राद्ध तिथीवर, संकष्टी तिथीवर, जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळं इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते, आणि मग २०२३ सालच्या श्रावणासारखा अधिक महिना येतो आणि सगळं धाडकन पुढं जातं. आता हे 'एव्हरी इयर'मध्ये बसवा. आमच्या आईचं टास्क मॅनेजमेंट म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ पासून निघतंय, चार्जिंग लागत नाही, सिंक व्हायचा प्रश्न नाही, दुधाचे खाडे त्यावर, सिलिंडर कधी लावला ते त्यावर, गहू दळून आणले ते त्यावर, कोपऱ्यात कुणाचातरी फोन नंबर नाव न लिहिता. तो नंबर कुणाचा हे तिला डिसेंबरपर्यंत पाठ असतं. मी एकदा तिला म्हटलं, हे सगळं फोनमध्ये घालून देतो. ती म्हणाली, "घाल की, पण भिंतीवरचं काढू नकोस." झालं. ह्यापेक्षा नेमका ॲप रिव्ह्यू मी अजून वाचला नाही.

ट्रेलोचं वेगळं. ट्रेलोवर मी जीव टाकला होता, कारण त्याचा बोर्ड कानबान पद्धतीचा, म्हणजे कार्डं पुढं सरकवत काम दाखवायचं, आणि कानबान हा शब्द आम्हा लोकांना इंटरनेटवरनं नाही तर शॉपमधनं माहिती. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडं ऑडिटला माणसं येतात, ती आल्या आल्या भिंतीवर बोर्ड आहे का बघतात. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो या इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत बसवली, आणि तिथं कार्ड हे शोभेचं नव्हतं, मालाच्या पेटीबरोबर फिरायचं, पुढच्यानं माल उचलला की कार्ड मागं यायचं आणि कार्ड आल्याशिवाय मागच्यानं नवीन माल करायचा नाही. म्हणजे सगळी हुशारी थांबवण्यात होती! आता ट्रेलो उघडा, तीन कॉलम, करायचंय, चालू आहे, झालं, आणि 'चालू आहे'मध्ये कितीपण कार्डं लावा, ते आपणहून काय अडवत नाही. माझ्या 'चालू आहे'ला खाली ओढून ओढून अंगठा दुखायला लागला. रंग मात्र मस्त होते. कार्डाला मागं फोटो लावता येतो, मी रंकाळ्याचा लावला होता.

बरं हे सगळं डोक्याबाहेर लिहून काढायचंच कशाला, तर त्याला पण शास्त्र आहे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनला केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याची सुरुवात म्हणे हॉटेलातल्या वेटरपासनं झाली, की बिल मिळेपर्यंत वेटरला सगळी ऑर्डर तोंडपाठ असते आणि बिल भागलं की पार पुसली जाते. अर्धवट कामं डोक्यात जास्त घर करतात, असा त्याचा मतलब. मला हे वाचून बर्लिनला जायची गरज वाटली नाही, आपल्याकडं कुठल्याही मिसळच्या दुकानात रविवारी सकाळी उभं राहा. चार टेबलं, सोळा माणसं, कुणाला कट जादा, कुणाला फरसाण वेगळं, कुणाला स्लाईस अजून दोन, एका पाहुण्याला "तिखट कमी" (त्याच्याकडं सगळे जरा बघतात), आणि पोरगं हातात कागद नाही पेन नाही, सगळं बरोबर आणतंय, वर गल्ल्यावर ओरडून हिशोबपण सांगतंय. दहा मिनिटांनी त्यालाच विचारा मगाशी त्या टेबलावर काय दिलं होतंस, ते म्हणेल, "कुठलं टेबल?"

ह्या झायगार्निक परिणामाबद्दल पुढं बरेच वाद झालेत, सगळ्यांना तसेच निकाल मिळाले नाहीत. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी अजून एक बघितलं ते मला जास्त पटतं, काम पूर्ण करायलाच लागतं असं नाही, ते कधी कुठं कसं करणार एवढं पक्कं ठरवलं तरी डोक्यातली कुरकुर कमी होते. म्हणजे ॲपचं खरं काम काय तर त्या मिसळवाल्या पोराला बिल मिळाल्यासारखं वाटायला लावणं. आता इथंच माझी गाडी अडते. कारण कधी, कुठं, कसं हे ठरवणार कोण? मी? माझ्या दिवसातली निम्म्याहून जास्त कामं माझ्या हातातच नसतात. कास्टिंग फाउंड्रीवाल्याकडं अडकलंय. जॉब प्लेटिंगला पडलेत. टूलचं ग्राइंडिंग एकाकडं, घराच्या उताऱ्यावर नाव चढवायचं एका ऑफिसात, पोराचा दाखला दुसऱ्या ऑफिसात, गवंडी "उद्या येतो" म्हणून गेलाय, आणि गवंड्याच्या 'उद्या'ला ॲपमध्ये कुठली तारीख टाकायची हे मला कुणीतरी सांगा.

टोडोइस्ट काय करतं, आपण टाकलेली तारीख गेली की ते काम लाल करून दाखवतं. सकाळी उठून फोन बघावा तर सगळं लाल. आणि लाल कशासाठी, गवंडी आला नाही म्हणून. गवंड्याच्या फोनवर लाल दिसायला पाहिजे ते माझ्या फोनवर दिसतंय. ह्या ॲपवाल्यांचा मूळ माणूस कोण असेल याचा मी विचार केला तर टोडोइस्ट काढणारे अमीर सालिहेफेंदिच, त्यांनी २००७ मध्ये शिकत असताना स्वतःचीच कामं सांभाळायला ते बनवलं. शिकणाऱ्या पोराची कामं कशी, अभ्यास त्याचा, कोड त्याचा, उशीर झाला तर जबाबदार पण तोच. एकट्याच्या टेबलावरची कामं. त्या हिशोबानं ते ॲप एकदम चोख आहे. पण उद्यमनगरात टेबलावरचं काम म्हणजे फक्त बिलं करणं, बाकी सगळं माणसांच्या मागं लागणं.

डेव्हिड ॲलन म्हणून एक अमेरिकन आहेत, कामं आवरायची पद्धत शिकवतात, त्यांच्या पद्धतीत एक यादी अशी आहे की जी कामं दुसऱ्याकडं पडलीत आणि आपण वाट बघतोय. बाकी सगळे त्यांच्या दोन मिनिटांच्या नियमाबद्दल बोलतात, दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका वगैरे, पण मला ही वाट बघायची यादीच सगळ्यात कामाची वाटली. फक्त त्यात ती एका कोपऱ्यात असते आणि इकडं तीच मुख्य पाहिजे. अजून एक त्यांचं घेण्यासारखं म्हणजे कामं विषयानुसार नाही तर कुठं असताना करता येतील त्यानुसार लावायची, फोनवरची वेगळी, बाहेरची वेगळी. आपल्याकडं 'बाहेर' म्हणून काय उपयोग नाही, बाहेर म्हणजे कुठं बाहेर? लक्ष्मीपुरीला गेलो की नटबोल्ट आणि आईचे मसाले, गंगावेसला गेलो तर दूध, महाद्वार रोडला शिरलोच तर (शिरायचं नाहीच खरं तर, पण शिरलोच तर) पुढं पापाच्या तिकटीला वडिलांच्या चपलेचा अंगठा बसवून घ्यायचा. जागा आली की फोन आपोआप वाजतो अशी पण सोय काही ॲपमध्ये असते, मी वापरून बघितली, गाडीवर असताना खिशात फोन वाजतो, गर्दीत थांबून काढून बघेपर्यंत चार चौक मागं राहिलेले असतात.

तर सध्या मी मायक्रोसॉफ्टच्या टू डूवर आहे. फुकट आहे हे एक, आणि दुसरं त्यात 'माय डे' म्हणून एक पान आहे ते रोज रात्री रिकामं होतं. काल काय राहिलं त्यावरनं बोलत नाही, पाहिजे तर बाजूला सुचवतं, नको तर राहू दे. मला हा स्वभाव आवडतो. त्याच्यामागं एक जुनी कथा पण आहे, वंडरलिस्ट नावाचं बर्लिनचं लई लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विकत घेतलं, मग हे नवीन केलं, आणि ६ मे २०२० ला वंडरलिस्ट बंद. मूळ मालकानं तर आधी जाहीरपणे परत विकत मागितलं होतं, मिळालं नाही. त्यामुळं ॲप किती दिवस जगेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून काही लोक सगळं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतात, टू डू डॉट टीएक्सटी, २००६ पासनं चाललंय, शहाणी माणसं आहेत ती. मी तेवढा शहाणा नाही, मला टिक केल्यावर येणारा टिंग आवाज लागतो.

पण त्यात मी प्रोजेक्ट वगैरे काय ठेवलं नाही. माणसाच्या नावाची लिस्ट. फाउंड्री, प्लेटिंगवाले मामा, सीए, गवंडी, आई. तारीख फक्त जीएसटी आणि तेलाला, बाकी कुणाला नाही. फोन आला किंवा माणूस रस्त्यात भेटला की त्याची लिस्ट उघडायची आणि एका दमात सगळं विचारून घ्यायचं. आधी कसं व्हायचं, एक विचारायचं, फोन ठेवायचा, मग दुसरं आठवायचं, परत फोन, मग तो उचलायचाच नाही.

परवा मामा शॉपवर आले होते, चहा घेता घेता मी लिस्ट उघडून वाचायला लागलो तर त्यांनी चष्मा वर करून फोनकडं बघितलं.

"माझ्या नावानं खातं काढलंयस व्हय?"

"खातं नाही ओ मामा, यादी हाय."

"वाच बघू."

मी वाचलं. पिना, बुशचा लॉट, त्या इचलकरंजीच्या पार्टीचे वॉशर.

"बुश कधीच झालेत," मामा म्हणाले, "तुझा टेम्पोच येईना म्हणून पोत्यात पडलेत. ते काढ माझ्या नावावरनं आणि टेम्पोवाल्याच्या नावावर टाक."

टेम्पोवाल्याची लिस्ट नव्हती. त्यांच्यासमोरच केली.