रिपोर्ट नॉर्मल, धडधड चालूच

ईसीजी नॉर्मल. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन बारा पॉइंट काहीतरी म्हणजे तेही ठीक, पोटॅशियमसुद्धा व्यवस्थित. एवढं ऐकल्यावर माणसाने खूश व्हायला पाहिजे आणि मी झालेही, साधारण पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत, कारण स्टार्टर मारला आणि छातीत परत तेच.

मी २६ वर्षांची, पुण्यात आयटीत, आईबाबा कराडला. बीपी नाही, शुगर नाही, जिने चढताना दम लागत नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू झालंय आणि ते दोन प्रकारचं आहे. एक म्हणजे छातीत कोणीतरी अचानक कूस बदलल्यासारखं वाटतं, क्षणभर सगळं थांबतं आणि मग एक दणका बसतो. दुसरं म्हणजे काहीही कारण नसताना, सकाळच्या स्टँडअपमधे, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगमधे, नुसती बसलेली असताना, ठोके एकशेवीसच्या पुढे जातात आणि दहापंधरा मिनिटांनी आपोआप खाली येतात. मॅनेजर विचारतोय दिलेलं काम कुठपर्यंत आलं आणि माझं लक्ष सगळं बरगड्यांच्या आत.

निदान करायला मात्र सगळे तयार असतात. बाबा म्हणाले गॅस असेल. मामाने ओवा सांगितला. आईने व्हिडिओ कॉल चालू ठेवून मोबाईलच्या स्क्रीनवरूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला जरा बरं वाटलं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली स्ट्रेस आहे गं, योगा लाव. आणि घराजवळच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा नाडीसुद्धा न बघता "या वयात कुठे हार्टचं असतं, टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. टेन्शन घेऊ नका हे काय औषध आहे का? सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायचं?

पुढच्या डॉक्टरांनी, म्हणजे कार्डिओलॉजिस्टनी, पहिल्यांदा एक भारी गोष्ट केली. म्हणाले, कसं होतं ते टेबलावर बोटाने वाजवून दाखव. मी वाजवलं, टक टक टकटक, मग गॅप, मग ठक्. ते लगेच म्हणाले हे एक्टॉपिक, म्हणजे वेळेआधी येणारे जास्तीचे ठोके, वाटतायत, पण पकडायला पाहिजेत. नेहमीच्या ईसीजीत हृदयाची जेमतेम दहाएक सेकंदं दिसतात आणि माझा त्रास दिवसातून कधीतरी दहापंधरा मिनिटं, म्हणजे कागदावर सगळं नॉर्मल आलं यात नवल काहीच नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या नॉर्मल रिपोर्टवर मी इतकी चिडले नसते.

मग होल्टर लावला. चोवीस तासांचं रेकॉर्डिंग. छातीवर स्टिकर, त्यांना वायरी, वायरी एका छोट्या डबीत आणि डबी गळ्यात. आंघोळ नाही. स्टिकरच्या खाली एवढी खाज सुटते की धडधड परवडली. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसाने हे बनवलं तेव्हा १९४० च्या दशकात ते यंत्र पाठीवर बांधायचं, तीस किलोच्या वरचं होतं म्हणे, त्यामुळे मी तक्रार करायला नको, पण केली. डबीवर एक बटण असतं, काही वाटलं की दाबायचं आणि सोबतच्या कागदावर वेळ आणि काय करत होतात ते लिहायचं. माझा कागद असा: भांडी घासत होते. लिफ्टची वाट बघत होते. डाव्या कुशीवर झोपले. आईचा फोन.

रिपोर्ट आला त्यात मजा होती. दिवसभराचे ठोके लाखाच्या जवळपास, त्यात एक्टॉपिक काहीशे. डॉक्टर म्हणाले लाखात हे फार नाहीत, धडधाकट माणसांनाही होल्टर लावला तर बऱ्याच जणांत सापडतात, फक्त त्यांना कळत नाहीत. मी बटण दाबलं होतं त्यातल्या काही वेळांना खरंच एक्टॉपिक होते, आणि काही वेळांना काहीच नव्हतं, सरळ साधी नॉर्मल लय, नुसती जरा फास्ट. आणि एक्टॉपिकचा सगळ्यात मोठा झुबका पहाटे, जेव्हा मी गाढ झोपलेली! म्हणजे खरं होतं तेव्हा मला पत्ता नाही आणि मला वाटत होतं तेव्हा निम्म्या वेळा काही होत नव्हतं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ठोका चुकलाय असं वाटतं तेव्हा चुकलेला नसतो, उलट एक जास्तीचा, वेळेआधीच आलेला असतो. तोपर्यंत हृदय नीट भरलेलं नसतं म्हणून तो मनगटावर लागतच नाही, मग थोडा गॅप पडतो, त्या गॅपमधे नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तोच माझा दणका. डाव्या कुशीवर जास्त का जाणवतो, तर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. आता दणका बसला की मी मनात म्हणते, भरलं होतं, ओतलं. भीती पूर्ण जात नाही, पण तिला काहीतरी काम मिळतं.

का होतंय याचं उत्तर मात्र त्यांच्याकडेही नाही. चक्कर येऊन पडलीस, पळताना-चढताना सुरू झालं, छातीत दुखलं, दम लागला तर लगेच ये, रात्री असेल तर इमर्जन्सीला जा, असं बजावलंय. घरात तरुणपणी कोणी अचानक गेलंय का हेही दोनदा विचारलं. नाही कोणी. हे सगळं आता फ्रीजवर लावलंय, कारण रात्री अडीच वाजता गूगल करण्यापेक्षा फ्रीज बरा.

बाकी माझं चाललंय ते असं. घड्याळातले हार्ट रेटचे अलर्ट बंद केले, ते वाजलं की बघायचे, बघितलं की ठोके अजून वाढायचे. गळ्याला बोट लावून नाडी मोजायची सवय सुटता सुटत नाही, मीटिंगमधे हात खाली दाबून बसते. उजव्या कुशीवर झोपते. फास्ट झालं की श्वास हळूहळू लांब सोडते. कॉफीवरून सगळ्यांनी छळलं, तर २०२३ मधे अमेरिकेतला एक अभ्यास आलाय, शंभर लोकांना काही दिवस कॉफी प्या काही दिवस नको असं सांगून मशीन लावलं, त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जास्तीचे ठोके विशेष वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले वाढले, आणि कॉफीच्या दिवशी झोप साधारण ३६ मिनिटांनी कमी झाली. माझे एक्टॉपिक वरच्या-खालच्या दोन्ही कप्प्यांतले आहेत. म्हणून दुपारी चारनंतर बंद, सकाळची चालू, ती मी सोडणार नाहीये, कोणीही सांगितलं तरी.

सगळ्यात अवघड आई. रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न, आज किती वेळा झालं? आणि विचारलं की मी दिवसभराचा हिशोब आठवायला लागते आणि आठवता आठवता होतं. शेवटी भांडून ठरवलंय की हा प्रश्न फक्त रविवारी विचारायचा. सोमवारी ती विचारते जेवलीस का, पण ज्या आवाजात विचारते ना, मला बरोबर कळतं काय विचारतीये.