अमेरिकेच्या दक्षिण भागातला पुतळा वाचायचा कसा? पोरांकडे निघालेल्या खान्देशी आईवडिलांसाठी

जळगाव-धुळ्याची कितीतरी पोरं आज अटलांटा, शार्लट, रिचमंड, डॅलसकडे नोकरीला आहेत. त्यांच्याकडे राहायला गेलेल्यांना तिथल्या जुन्या गावांत बऱ्याच ठिकाणी कोर्टासमोर एका शिपायाचा पुतळा दिसतो, बंदुकीचा दस्ता पायाशी टेकवून उभा. हा १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धातला, देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा शिपाई, म्हणजे गुलामी टिकवायला लढलेल्या बाजूचा. ते युद्ध खान्देशाला परकं नाही. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, भाव चढले, पेरा वाढला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या गळ्यात कर्ज तेवढं उरलं.

फोटो काढण्याआधी चौथऱ्याला चारी बाजूंनी फेरी मारा आणि आधी साल शोधा. युद्ध १८६५ ला संपलं, पण चौथऱ्यावर बहुधा १९०० ते १९१५ मधलं साल सापडेल. मधल्या काळात काय झालं, ते कळल्याशिवाय पुतळा कळत नाही. युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ मिसिसिपीतून सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात गेले. १८७७ ला केंद्राचं सैन्य दक्षिणेतून मागे सरलं. मग मिसिसिपीने १८९० मध्ये, अलाबामाने १९०१ मध्ये, व्हर्जिनियाने १९०२ मध्ये नवी राज्यघटना करून मतदानावर कर आणि वाचनाच्या परीक्षा लादल्या, म्हणजे काळ्यांचं मत काढूनच घेतलं. पुतळे याच काळात उभे राहिले. दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचा रिचमंडमधला भव्य पुतळाही १८९० चाच. तो २०२१ मध्ये उतरवला.

मग पुतळा कुणी बसवला ते बघा. पुष्कळ ठिकाणी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या बायकांच्या संघटनेचं नाव असतं. कॉन्फेडरसी म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचा संघ. या संघटनेने शाळेची पुस्तकंही तपासून घेतली, आणि माझ्या मते पुतळ्यांपेक्षा ते काम जास्त खोल गेलं. शिपाई राखाडी जस्ताचा असेल तर त्याच्या पट्ट्याचं बक्कल पाहा. उत्तरेतल्या कनेक्टिकटचा एक कारखाना दोन्ही बाजूंना जवळपास तोच शिपाई विकायचा. बक्कलावर उत्तरेसाठी ‘यूएस’, दक्षिणेसाठी ‘सीएस’, म्हणजे कॉन्फेडरेट स्टेट्स.

चौथऱ्यावर शौर्य, माता, ‘राज्यांचे हक्क’ असे शब्द असतात. गुलामी हा शब्द सहसा नसतो. पण मिसिसिपीने १८६१ मध्ये फुटून निघताना आपल्याच जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचं लिहून ठेवलंय. कुणी ‘युद्ध गुलामीवरून नव्हतंच’ म्हणालं तर तो जाहीरनामा दाखवा.

आपल्याकडून एक चूक हटकून होते. गुलाम म्हटलं की आपण ‘सालदारासारखा’ म्हणून मोकळे होतो. सालदाराच्या वाट्याला कष्ट आणि उचल दोन्ही येतात, पण आखाजीला त्याचं साल संपतं आणि त्याची पोरं कुणी बाजारात विकत नाही. बटाईची तुलना मात्र बरीच जुळते, पण ती युद्धानंतरच्या काळाशी. तिथे मोकळे झालेले लोक अर्ध्या वाट्याने कापूस पिकवायचे, बियाणं-पीठ दुकानातून उधार उचलायचे, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात पुन्हा देणंच निघायचं.

जमलं तर अलाबामात माँटगोमेरीला जा, आणि घाईत नको, अर्धा दिवस ठेवा. जमावाने ठार केलेल्या काळ्या माणसांचं स्मारक तिथे २०१८ मध्ये उघडलं. गंजल्या रंगाचे आठशेवर लोखंडी खांब आहेत, एकेका काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) एकेक, त्यावर नावं आणि तारखा. सुरुवातीला खांब तुमच्या उंचीला असतात. पुढे जमीन उतरत जाते, खांब मात्र तिथेच राहतात, आणि शेवटी ते डोक्यावर टांगलेले दिसतात. हे स्मारक उभारणाऱ्या संस्थेच्याच संग्रहालयात काचेच्या बरण्या मांडल्यात. जिथे माणूस मारला त्या जागची माती प्रत्येकीत भरलेली, वर त्याचं नाव. काही बरण्यांतली माती लाल आहे, काहींतली तापीकाठच्या मातीसारखी काळी.